देव, वर्ग तिसरा

केतकीचं आणि माझं लग्न झालं. दोन्हीकडची माणसं आली, जेवली, मानपानावरून रुसली आणि फोटोपुरती हसली. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं धरून चाला, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात बराच वेळ केतकी माझी बहीण आहे.

त्या रविवारी दादासाहेब इंगवले आमच्या देव्हाऱ्यापुढे नमस्काराला वाकले ते वाकलेलेच राहिले. दादासाहेब म्हणजे केतकीचे आजोबा. कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, पण निवृत्ती त्यांनी फारशी मनावर घेतलेली नव्हती. मुलगा बघायला येतानाही खिशाला दोन पेनं होती, एक निळं आणि एक लाल. मुलगा, म्हणजे मी, पसंत पडला होता. पोहे पसंत पडले होते. देवाला नमस्कार करून सुपारी कधी फोडायची तेवढं ठरवायचं राहिलं होतं, आणि पाहुणे वाकून स्तब्ध.

आम्हाला वाटलं कंबर धरली. बाबा मलमाची ट्यूब शोधायला उठलेसुद्धा. तेवढ्यात दादासाहेबांनी वाकल्यावाकल्या माझ्या आजोबांना विचारलं, "आबासाहेब, मधला टाक कुणाचा हो?"

आमच्या देव्हाऱ्यात टाकांची रांग आहे. जोतिबा, खंडोबा, अंबाबाई, दोन अनोळखी पूर्वज, आणि मधोमध आमचा खास. चार पाकळ्यांचं फूल, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हळदीकुंकवानं भरलेलं, आणि फुलाच्या पोटात दोन तोंडांचा पक्षी. आबांनी ही हकिकत आयुष्यात इतक्यांदा सांगितली होती की ती ते एसटीच्या स्टँडवर गाडी पुकारावी तशा सुरात सांगायचे. ते होतेही एसटीतच कंट्रोलर. आबांचे आजोबा, म्हणजे माझे खापरपणजोबा, संस्थानच्या शिकारखान्यात चित्ते सांभाळायचे. एकदा शिकारीच्या मुक्कामी त्यांच्या स्वप्नात दोन तोंडांचा पक्षी आला आणि दोन्ही तोंडांनी 'मला घरी ने' म्हणाला. सकाळी उशाशी हा टाक. पक्षी म्हणजे गंडभेरुंड. तेच आम्हा रणनवऱ्यांचं देवक.

पुढे वाटण्या झाल्या तेव्हा मूळ टाक थोरल्या घरी, म्हणजे आमच्याकडे राहिला आणि धाकट्यांनी सोनाराकडून नकला करून घेतल्या. नकलेची नक्कल होत होत कुरुंदवाडच्या काकांकडे त्या पक्ष्याचे आता दोन पोपट झालेत.

दादासाहेब हळूहळू सरळ झाले. डोळ्यांत पाणी. म्हणाले, हाच पक्षी आमच्या देव्हाऱ्यात आहे. हीच पाकळी, हीच दोन तोंडं. आमच्याही पणजोबांना शिकारखान्याच्या मुक्कामातच सापडला होता, फक्त स्वप्नात नाही, ओढ्यात. हेच आमचं देवक.

ज्यांचं देवक एक, त्यांचं कूळ एक. कूळ एक म्हणजे भाऊबंद. आणि भाऊबंदांत सोयरीक होत नाही, हे आमच्याकडे शाळेत जायच्या आधी शिकवतात. पण त्या दोघांच्या डोक्यात पहिल्यांदा सोयरीक आलीच नाही. शंभर वर्षांनी हरवलेला भाऊ सापडला म्हणून दोन म्हातारे गळ्यात गळा घालून रडले. आईनं पुन्हा साखर वाटली. सगळ्यांना एवढा आनंद झाला होता की माझं लग्न मोडलंय हे माझ्याही जरा उशिराच लक्षात आलं. निघताना दादासाहेबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि राखी पौर्णिमेला यायचं म्हणून बजावलं.

मी केतकीला फोन लावला. म्हटलं, ठरलं.

"काय ठरलं?"

"तू माझी बहीण."

ती म्हणाली, "थोरली का धाकटी?"

केतकी जनावरांची डॉक्टर. मी आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवायचो. तिच्या दवाखान्यातला खोडा, म्हणजे जनावर हलू नये म्हणून ज्यात उभं करतात तो लोखंडी सांगाडा, एका म्हशीनं मोडला आणि तो जोडायला मी गेलो, अशी आमची ओळख. तो खोडा नंतर वर्षभरात बऱ्याच वेळा मोडला. दर वेळी म्हैस नव्हती. आता जरा कुठे घरच्यांपर्यंत गोष्ट गेली होती, तर हा दुसरा खोडा, आणि हा वेल्डिंगनं सुटणारा नव्हता. शिवाय कागलचा एक इंजिनिअर रांगेत उभा होता. त्याचं देवक सूर्यफूल होतं आणि त्याला आयुष्यात दुसरीही काही अडचण नव्हती. तुळशीचं लग्न लागलं की केतकीचं त्याच्याशी उरकायचं, असं इंगवल्यांच्या घरात बोललं जायला लागलं होतं. मला तर आमंत्रणाचं तोंडी आश्वासनही मिळालं. करवला म्हणून.

बहीण होण्याचा फायदा एकच झाला, केतकीला आमच्या घरी यायला कुणाची परवानगी लागेना. "मी येतो आणि बघतो," ती म्हणाली. आमच्या भागात बायकाही येतो-जातोच म्हणतात. आली, आईशी गप्पा मारल्या, आणि देव्हाऱ्यापुढे बसून बॅटरीच्या उजेडात टाक असा तपासला की मला वाटलं आता थर्मामीटर लावणार.

आबा शेजारी माळ ओढत बसले होते. केतकीनं त्यांना विचारलं, "आबा, गंडभेरुंडाच्या पंज्यात काय असतं?"

"हत्ती. किल्ल्याच्या दरवाजावर बघ की."

"मग याच्या पंज्यात लाटणं आणि लाडू कसा काय?"

आबांनी माळ थांबवली. मीही वाकून बघितलं. पक्ष्याच्या एका पायात दांडकं होतं, दुसऱ्यात गोळा. दोन्ही डोक्यांवर टोप्या होत्या. जन्मापासून मी त्या पक्ष्याच्या पाया पडत होतो, पण पायात काय आहे ते कधी बघितलं नव्हतं.

"देवाच्या हातात काय असावं ते डाक्टरनं ठरवू नये," आबा म्हणाले आणि माळ पुन्हा सुरू केली. पण मणी जरा जास्त जोरात ओढत होते.

आबा आंघोळीला गेल्यावर केतकीनं टाक उलटा केला. मागच्या बाजूला वेलबुट्टीसारखी गुंतलेली अक्षरं, आणि वरच्या कडीवर डोळा ताणून वाचावा एवढा बारीक ठसा. त्यात एक इंग्रजी आर होता, पण उलटा. उलटा आर म्हणजे रशिया, एवढं तिला ठाऊक होतं, कारण कॉलेजच्या लायब्ररीत पूर्वी स्वस्तात घेतलेली रशियन पुस्तकं होती आणि ती कुणी न वाचल्यामुळे चांगल्या अवस्थेत होती. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. आमच्या देवकावर रशियाचा शिक्का होता.

मालतीबाई ओक पुण्यात जन्मभर रशियन शिकवून निवृत्त झालेल्या. केतकीच्या मैत्रिणीची आत्या. फोटो बघून त्यांनी कळवलं की अंबाबाईच्या दर्शनाला यायचंच होतं, वाटेत असेल तर डोकावून जाईन. आमचं घर कुठल्याच वाटेत नाही, पण त्या पुढच्याच गाडीनं आल्या. केतकीनं स्टँडवर "मी तुम्हाला न्यायला आलो" म्हटलं तेव्हा त्यांना पहिला धक्का व्याकरणाचा बसला. दुसरा त्यांनी आम्हाला दिला.

दादासाहेबांना त्यांच्या टाकासकट बोलवायला कारण लागत नव्हतं. दोन भावांच्या देवांची भेट घालायची, असं आबांनीच सुचवलं होतं. दादासाहेब खणात गुंडाळलेला टाक छातीशी धरून रिक्षातून उतरले. पाटावर अक्षता टाकल्या, दोन्ही टाक शेजारीशेजारी ठेवले, आबांनी देवांची क्षमा मागितली, आणि मग मालतीबाईंनी एकावर एक असे दोन चष्मे लावून चिंच मागितली.

चिंचेला कुणाची हरकत नव्हती. देव दिवाळीला चिंचेनंच घासतात. पण मालतीबाईंनी कोपऱ्याकोपऱ्यात काडी घालून शंभर वर्षांचं कुंकू उकरून काढलं, आणि खालून आणखी लाल निघालं. गुळगुळीत, काचेसारखं, बाजूनं सोन्याची कड. आबा म्हणाले, शेंदूर आतपर्यंत मुरलाय. मालतीबाई म्हणाल्या, तो शेंदूर नाही, मीनाकाम आहे. आणि या पाकळ्या नाहीत.

खरंच नव्हत्या. कुंकू गेल्यावर कुणालाही दिसलं असतं. तो क्रूस होता.

आई उदबत्ती लावत होती, ती काडी तिनं तशीच विझू दिली.

मालतीबाई शिकवण्याच्या सवयीनं सावकाश सांगू लागल्या. रशियाच्या बादशहाला झार म्हणत. त्याच्या दरबाराची मानाची पदकं असत. कामगिरीप्रमाणे आणि दर्जाप्रमाणे देत. हे त्यातलंच एक, संत ॲनाचं.

"कुठल्या अण्णांचं?" आबांनी विचारलं.

"अण्णा नाही हो, ॲना. बाई होत्या त्या. येशूची आजी."

आबांनी हे समजून घ्यायला वेळ घेतला. आमच्या घरात कुणाच्याही आजीला मान असतो, त्यामुळे हरकत अशी नव्हती. प्रश्न दादासाहेबांना पडला, आणि तो रास्त होता. त्यांनी विचारलं, मग यात आजी कुठे आहेत?

आजी असतातच, मालतीबाई म्हणाल्या. पदकाच्या मधोमध त्या संतांचं चित्र असतं. पण घेणारा माणूस ख्रिस्ती नसेल, तर त्याच्या गळ्यात आपला संत बांधायचा नाही, अशी पद्धत होती. संताच्या जागी सरकारी गरुड घालत. दोन डोक्यांचा. लाटणं म्हणजे राजदंड, लाडू म्हणजे पृथ्वी. त्याला कुणी पुजत नाही. आपल्या सरकारी कागदावर शिक्का असतो, तसा तो शिक्का.

शिक्का म्हटल्यावर दादासाहेबांना पटलं. त्यांनी मान हलवली.

ही पदकं कुणी कधी दिली ते मी सांगू शकत नाही, असंही मालतीबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. संस्थानात कुणी रशियन पाहुणा चित्त्याची शिकार बघायला आला असेल. तुमच्या दोघांच्या पूर्वजांनी त्याची काहीतरी मोठी सेवा केली असेल. चित्त्यापासून वाचवला असेल किंवा चित्त्याला त्याच्यापासून.

आबा पाटाकडे बघत होते. इतका वेळ ते गप्प बसलेले मी फक्त बाबांच्या दहावीच्या निकालाच्या हकिकतीत ऐकले होते.

"म्हंजे त्या माणसानं," आबा शेवटी म्हणाले, "आमचा धरम बाटू नये म्हणून आपला देव काढून ठेवला आणि आमाला नुसतं पाखरू दिलं."

"हो. तसंच."

"आणि आमी त्या पाखराचा देव केला."

कुणी हसलं नाही. मीही नाही, आणि मला मयतीतसुद्धा हसू येतं.

मग केतकी माझ्या शेजारून उठली आणि समोरच्या खुर्चीवर जाऊन बसली. पदर नव्हता, म्हणून ओढणी सारखी केली. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं आणि एकेकाच्या डोक्यात उजेड पडत गेला. शिक्का म्हणजे देवक नव्हे. देवक नाही तर कूळ एक नाही. म्हणजे ती माझी बहीण नव्हती, आणि आता माझ्या शेजारी बसणं बरं दिसत नव्हतं. आईनं साखरेचा डबा पुन्हा जवळ घेतला.

तिथे थांबलं असतं तर सगळं बरं झालं असतं. पण मालतीबाई शिक्षिका होत्या. विद्यार्थी ऐकतायत असं दिसलं की शिक्षकाला आवरत नाही.

"गंमत म्हणजे ही दोन्ही सारखी नाहीत हं," त्या म्हणाल्या. "हे मोठं आहे ना, हे गळ्यात घालायचं. वर्ग दुसरा. आणि हे लहान छातीवर लावायचं. वर्ग तिसरा."

मी त्यांना डोळ्यांनी खुणा केल्या. त्यांनी दोन्ही चष्मे काढले होते.

दादासाहेबांनी अगदी हळू विचारलं, "मोठं कुणाचं?"

मोठं त्यांचं होतं.

मी माणसाची मान इतकी ताठ होताना कधी पाहिली नव्हती. वाकून राहिलेले हेच ते दादासाहेब, यावर विश्वास बसला नसता. त्यांनी आपला टाक उचलला, खणात गुंडाळला आणि उभे राहिले. म्हणाले, आबासाहेब, राग मानू नका, तुमचं घर चांगलं आहे, मुलगा चांगला आहे. पण वर्ग दोनची मुलगी वर्ग तीनमध्ये देता येत नाही.

"आत्ता पातुर तर भाऊ हुतो की आपण," आबा म्हणाले.

"ते चुकीच्या माहितीवर होतं."

आबांनी मग ऐकवायचं ते ऐकवलं. पक्षी त्यांना ओढ्यात सापडला होता आणि आमच्या स्वप्नात आला होता, तेव्हा वर कोण नि खाली कोण हे देवानं आधीच ठरवलंय, वगैरे. दादासाहेब म्हणाले, देव नाही, पदक. आबा म्हणाले, मग पदकाला पाटावर कशाला आणलंत खणात गुंडाळून. रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवत होता. मालतीबाई मला म्हणाल्या, मी काही चुकीचं बोलले का? मी म्हटलं, नाही, फक्त थोडं जास्त बरोबर बोललात.

त्यानंतर कागलच्या इंजिनिअरची पत्रिका, जी खरं तर देवक वेगळं असल्यामुळे कुणी मागितलीही नव्हती, ती मागवण्यात आली. केतकीनं सांगितलं की दादासाहेबांनी टाकाला गळ्यात घालायची लाल फीत शिवून घेतली आहे आणि संध्याकाळी घरातल्या घरात ती घालून बसतात.

"त्यांना कळत नाही का, रशियात आता झारही नाही आणि ही पदकंही नाहीत?" मी म्हटलं.

"कळतं." मग तिनं मला ते सांगितलं जे तिच्या घरात कुणी बोलत नाही. अव्वल कारकून म्हणजे वर्ग तीन. दादासाहेबांची नायब तहसीलदारकीच्या, म्हणजे वर्ग दोनच्या, बढतीची फाईल वर गेलेली होती. त्यांचेच हाताखालचे दोघे पुढे निघून गेले. विचारलं की उत्तर एकच, प्रकरण विचाराधीन आहे. विचाराधीन असतानाच ते निवृत्त झाले. सत्काराला कचेरीनं शाल दिली, ती त्यांनी अजून वापरलेली नाही.

इकडे आमच्या घरी, टाक घासून लखलखीत होऊन देव्हाऱ्यात परत बसला होता. आता तो कुणीही बघितलं तरी क्रूसच दिसायचा. आईनं विचारलं, काढून कपाटात ठेवू का. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर आबा सोवळं नेसून नेहमीसारखे त्याच्यापुढे ताटली ठेवतायत. वरणभात, वर तूप, शेजारी शेवग्याची शेंग. मी म्हटलं, आबा, आता कळलंय ना ते पदक आहे म्हणून.

"मग?"

"मग नैवेद्य कशाला?"

"शंभर वर्सं जेवतंय ते आपल्या घरात," आबांनी ताटलीभोवती पाणी फिरवलं. "आता उपाशी ठिऊ व्हय?"

त्याच दिवशी संध्याकाळी ते माझ्याकडून एक कोरा कागद घेऊन आत गेले. बाहेर आले तेव्हा चेहरा एसटीचा संप मिटवून आल्यासारखा होता. मला म्हणाले, गाडी काढ. आम्ही इंगवल्यांच्या दारात जाऊन उभे राहिलो. दादासाहेब गळ्यातली फीत घाईघाईनं सदऱ्याच्या आत सारत बाहेर आले.

आबांनी कागद पुढे केला. म्हणाले, आमच्या आजोबांना वर्ग दोन मिळावा म्हणून आमी रशियाला अर्ज करतोय. मिळाला की पोरीला मागणी घालायला येऊ. वाचून बघा.

दादासाहेबांनी चष्मा लावला. अर्ज एवढाच होता: 'झारसाहेबांस नमस्कार. आमच्या आजोबांस वरचा वर्ग द्या. नातवाचे लग्न अडले आहे. कळावे.'

मी दादासाहेबांचा चेहरा बघत होतो. रागावतील वाटलं, हसतील वाटलं. त्यांना वेदना झाली. खरीखुरी, पोटातून. चांगल्या गवयापुढे कुणी बेसूर गावं तशी.

"हा अर्ज आहे?" ते म्हणाले. "झार सोडा, तलाठी घेणार नाही असला कागद. विषय कुठे आहे? संदर्भ? अर्जदार कोण, हयात की मयत? कोणत्या कारणास्तव?" बोलता बोलता लाल पेन बाहेर आलं होतं आणि 'नमस्कार' कापला गेला होता. 'कळावे'खाली दोन रेघा आल्या. मग त्यांनी सगळाच कागद बाजूला ठेवला, आतून रेघांचा फुलस्केप आणला, समास आखला आणि निळं पेन काढलं.

"दादा, ते कार्यालय शंभर वर्षांपूर्वी बंद पडलंय," केतकी दारातून म्हणाली.

"कार्यालयं बंद होत नसतात," दादासाहेब मान वर न करता म्हणाले, "वर्ग होतात."

आबा त्यांच्या शेजारी बाकावर बसले. दादासाहेब विचारत गेले आणि आबा सांगत गेले. आजोबांचं नाव, हुद्दा, चित्त्याचं नाव काय होतं, माहीत आहे का. ते आबांना माहीत होतं. हिरा. दोघांच्या पूर्वजांकडे मिळून एकच चित्ता होता, हे तिथे निघालं, आणि दादासाहेबांचं पेन थांबलं. एका चित्त्यावर दोन माणसं, आणि एकाला दुसरा वर्ग, दुसऱ्याला तिसरा. "हा उघड अन्याय आहे," ते म्हणाले. मी एवढ्या दुखऱ्या आवाजात हा शब्द कचेरीच्या बाहेर कधी ऐकला नव्हता. आता ते आमच्या बाजूनं लिहीत होते, आणि असं लिहीत होते की आपण आपल्याच पणजोबांच्या मोठेपणाविरुद्ध पुरावा देतोय याचं त्यांना भान नव्हतं. केतकी चहा घेऊन आली तर म्हणाले, ठेव तिकडे, कामात आहे.

लिहून झाल्यावर त्यांनी नियम सांगितला. अर्ज दाखल झाला, त्याची पोच स्वतःच्या दप्तरी ठेवली, की त्यावर निर्णय होईपर्यंत अर्जदाराला खालच्या वर्गाचा म्हणता येत नाही. तोवर दोन्ही पक्ष समान धरायचे. अशा काळात शुभकार्य करायला कुठल्याही परिपत्रकाची आडकाठी नाही.

"आणि उत्तरच नाही आलं तर?" मी विचारलं.

"माझं तरी कुठं आलं," दादासाहेब म्हणाले, आणि कागदाच्या तळाला सहीसाठी रेघ आखायला लागले. गळ्यातली फीत त्या गडबडीत सदऱ्याबाहेर आली होती. आबांनी ती बघितली आणि नजर कागदावर नेली.

अर्ज रजिस्टर पोस्टानं गेला. दर वर्षी त्याला स्मरणपत्र जातं, ते आता केतकी लिहिते. मूळ अर्जाची प्रत पुढे देतो. शेवटची ओळ तेवढी आबांची आहे, ती त्यांनी पोस्टाच्या खिडकीपाशी उभं राहून, माझ्या पाठीवर कागद टेकवून घातली.

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
शाही पदक खाते, सेंट पीटर्सबर्ग, रशिया
(अथवा हे काम ज्या कार्यालयाकडे वर्ग झाले असेल ते कार्यालय)

अर्जदार: कै. सखोजी येसाजी रणनवरे, चित्तेवान (मयत), तर्फे नातू.

विषय: संत ॲना पदकाच्या वर्ग तीनमधून वर्ग दोनमध्ये बढती मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराने आपल्या सरकारच्या पाहुण्यांची सेवा इमानेइतबारे केली असता त्यास वर्ग तीन देण्यात आला. त्याच कामगिरीवरील सहकारी कै. इंगवले यांस मात्र वर्ग दोन मिळाला. दोघांचे काम एक होते व चित्ताही एकच होता. अर्जदाराने हयातीत कधी तक्रार केली नाही, हे त्याच्या चांगल्या वर्तणुकीचे प्रमाण मानण्यात यावे व त्याच्याविरुद्ध वापरण्यात येऊ नये.

तरी अर्जदारास पूर्वलक्षी प्रभावाने वर्ग दोन मंजूर व्हावा. अर्जदार मयत असल्याने त्यास समक्ष हजर राहण्यापासून सूट मिळावी. वर्ग तीनचे पदक परत करण्याचा नियम असल्यास तो शिथिल करण्यात यावा, कारण सदर पदक अर्जदाराच्या घरी दररोज दुपारी जेवते. निर्णयास विलंब झाला तरी चालेल. मात्र प्रकरण विचाराधीन असल्याचे कृपया कळविण्यात येऊ नये.

आपला विश्वासू,
(सही)

ता. क. इंगवल्यांचा वर्ग एकसाठी अर्ज आला, तर आमचा निकाल लागेस्तोवर तो तसाच दाबून ठेवावा, ही नम्र विनंती.